भूमी कुणी धुतली?

या, जरा पुढं सरकून बसा. लांब भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि बुवांसारखा टिपेचा सूर लावायला देवानं मला गळा दिलेला नाही. ऐकायला कान तेवढे भरभरून दिले. गोष्ट सांगतो ती फरशी धुण्याच्या यंत्राची आहे. यंत्राचं नाव निघाल्यावर तोंड वाकडं करू नका. हिच्यात विठोबा आहे, मृदंग आहे, माझी आक्का आहे, आणि शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे.

औरंगाबादेत तेव्हा निजाम सरकारचा अंमल. मी कापडाच्या गिरणीत फिटर होतो आणि गुलमंडीच्या मागं एका खोलीत आम्ही दोघं राहत होतो, मी आणि माझी थोरली बहीण सरूबाई. एकादशीला जवळच्या देवळात दुपारचं कीर्तन असे. त्या एकादशीला कीर्तन संपलं, आरतीची घंटा वाजली आणि सगळा मंडप उठला. माणसं अशी एकदम उठली की एक वारं सुटतं, धोतरांचं, लुगड्यांचं, बुक्क्याच्या वासाचं. त्या वाऱ्यात टाळ्या वाजवत मी उभा होतो आणि लोकांच्या पायांमधून मला आक्का दिसली. ती बसलेलीच होती. दक्षिणेच्या खांबाशी, तिच्या नेहमीच्या जागी, एक हात खांबाला, एक फरशीवर. उठण्याची सगळी तयारी अंगातून निघून गुडघ्यापाशी येऊन अडकलेली. आमची नजरानजर झाली. त्याबरोबर तिनं फरशीवरून हात फिरवला, जणू काही सांडलं होतं आणि ती ते गोळा करत होती. काहीही सांडलं नव्हतं. त्या सकाळी ती फरशी तिनंच धुतली होती, तिच्यावर सांडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. आरती पुढं चालली, माझ्या टाळ्या चालल्या होत्या, पण हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. गिरणीत कोरड्या पडलेल्या बेअरिंगचा आवाज मी दोन भिंतींपलीकडून ओळखतो. आणि घरात, हातभर अंतरावर, बसता उठता जो आवाज रोज होत होता, तो मी इतकी वर्षं चुलीवरच्या भाकरीच्या आवाजासारखा कानाआड केला होता.

आमचं मूळ गाव फुलंब्री. आई गेली तेव्हा मी रांगत होतो आणि आक्का नुकतीच कपाळ पुसून माहेरी आलेली. तिनं मला काखेत घेतलं ते जवळजवळ खाली ठेवलंच नाही. गावात कीर्तन असलं की मला घेऊन जायची. मला त्यातलं काही कळायचं नाही. मी फरशीवर गाल टेकून आडवा व्हायचो. दगड गार असायचा, आणि त्या गारव्यातून मृदंग यायचा. हवेतून येणारा मृदंग वेगळा आणि दगडातून गालाच्या हाडात शिरणारा वेगळा. मधेच आक्काचा तळवा पाठीवर पडायचा, ठेक्यावर. आजही कीर्तनात मृदंग चढायला लागला की माझ्या डाव्या गालाला गार लागतं. सांगितलं तर लोक हसतील म्हणून कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगितलं. त्याच तळव्यानं आक्का गुलमंडीच्या मंडपाची फरशी घासायची. शहाबादी फरशी, समईच्या तेलानं काळवंडलेली, बुक्का, चुरगळलेली फुलं, लाह्या, काल्याच्या दिवशी दही. रिठ्याचं पाणी आणि काथ्याचा कुंचा. गुडघ्यावर बसून दारापासून गाभाऱ्यापर्यंत, आणि मग उलटं येत कोरडी करत दारापर्यंत.

आणि आमच्या देवळाची एक रीत होती. कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवा गादीपाशी वाकायचे, फरशीला बोटं लावायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "आज भूमी कुणी धुतली?" आणि सगळा मंडप म्हणायचा, "सरूबाईनं!" मग ती बोटं बुवा कपाळाला लावायचे आणि वीणा गळ्यात घ्यायचे. एवढंच. क्षणभराचं काम. पण विचार करा, कपाळ पांढरं असलेल्या बाईचं नाव चारचौघांत घेतो कोण? हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसतं. लग्नात ती मागच्या दारी. गल्लीत ती किसनाची आक्का, बाजारात ती "ओ बाई". साऱ्या पंधरवड्यात तिचं नाव मोठ्यानं निघे ते त्या एका घटकेला, देवासमोर, एवढ्या माणसांच्या तोंडून. नाव निघालं की ती खांबाशी बसल्या बसल्या तळवा फरशीला टेकवून कपाळाला लावी, आणि मान वर करीत नसे. ही रीत मला ठाऊक होती. मी स्वतः त्या गजरात ओरडलेलो होतो. तरी आरतीच्या त्या दिवशी मला गुडघे दिसले. नाव दिसलं नाही. माणूस ज्या कामात मुरलेला असतो तेच त्याला दिसतं. मी लोखंडाचा माणूस, मला सांधा दिसला.

शहागंजच्या अंगाला गयास मिस्त्रीचं छप्पर होतं. टांग्यांची चाकं, चाकांवर चढवायच्या लोखंडी धावा, कमानी, सगळं तिथं होई. त्याची भट्टी आणि माझी रविवारची सुट्टी, असं ते यंत्र उभं राहिलं. खडूनं मी जमिनीवर आकृती काढली: मागं दोन चाकं, चाकांच्या आसावर दातेरी चक्र, त्यात अडकलेलं लहान चक्र, त्याच्या उभ्या दांड्याला खाली गोल कुंचा. माणसानं उभ्यानं ढकलायचं. चाक एकदा फिरेल तेवढ्यात कुंचा कितीतरी वेळा फिरेल. वर रिठ्याच्या पाण्याची टाकी. गयासभाई आकृतीभोवती फिरला.

"किसनभाई, ये क्या बला है?"

"फरशी धुवायचं यंत्र हाय."

"तो अल्लानं हात कायकू दिये?"

"हात ठीक हायेत, गयासभाई. गुडघे झिजतात."

त्यानं भात्याची साखळी सोडली.  मग म्हणाला, "हौ. मेरी अम्मा भी नमाज अब पलंग पे बैठ के पढती." आणि त्यानं लोखंडाची पट्टी निखाऱ्यात खुपसली. मजुरीचा विषय आमच्यात त्यानंतर निघाला नाही.

पहिली चाचणी त्याच्याच फरसबंदी अंगणात. मी ढकललं आणि यंत्र सरळ जाण्याऐवजी डावीकडं वळलं. मी उजवीकडं ओढलं, ते डावीकडंच. असं गोल गोल जात त्यानं गयासच्या बकरीला भिंतीशी गाठलं. बकरी कुंच्याकडं बघते, मी बकरीकडं, आणि गयास पोट धरून खाली बसलेला. "वा रे कारीगर! बकरी नहलाने का यंत्र बनाया!" कारण उघड होतं, फक्त आधी सुचलं नव्हतं. कुंचा फरशीला एका अंगानं रेटतो, तर फरशी त्याला दुसऱ्या अंगानं रेटते. आपण एखाद्याला घासू आणि तो मुकाट घासून घेईल असं नसतं. हे मला घरी सुचलं नाही, भट्टीपाशीही नाही. सुचलं ते कीर्तनात, देव क्षमा करो. बुवांच्या दोन्ही बाजूंना टाळकरी उभे होते. डावी रांग झुकली की उजवी झुके, दोन्ही रांगा एकमेकींकडं येत आणि मागं सरत, आणि मधे बुवा असे स्थिर, जशी वाऱ्याबाहेरची समई. बुवा काय निरूपण करत होते ते त्या दिवशी माझ्या कानात शिरलं नाही. एक कुंचा उजवा फिरेल, दुसरा डावा. एकाची ओढ दुसरा खाईल. मी खांबाकडं बघितलं. आक्का ठेक्यावर मान हलवत होती, आणि मला वाटलं तिला सगळं कळलंय.

दोन कुंचे बसवल्यावर यंत्र गाईसारखं सरळ चाललं. टाकी रिकामी होत आली की भार हलका होऊन शेवटच्या फरश्या मळकट राहत, म्हणून टाकीवर भरवसा न ठेवता कुंच्यांच्या डोक्यावर बिडाचा ठोकळा चढवला. राहिलं पाणी ओढायचं. मागं एक लवचिक पट्टी हवी, जी मळकं पाणी दारातल्या पन्हाळीपर्यंत लोटत नेईल. मी गिरणीतल्या जुन्या पट्ट्याचा तुकडा घेतला, यंत्रं फिरवणारा रुंद पट्टा असतो तो. मऊ, जाड, वर्षानुवर्षं तेल प्यालेला. छान बसला. एकादशीच्या आदल्या दिवशी यंत्र देवळात नेलं. पायरीशी वहाणा काढल्या, पाय धुतले, देवाला हात जोडले आणि यंत्र ढकलत आत गेलो. देवळाचा गुरव कडूबा कौतुकानं मागून येत होता. निम्मा मंडप झाला असेल. आक्का खांबाशी उभी होती. तिनं नाक आखडलं.

"किसना, ह्यो वास कशाचा रं?"

"पट्टा भिजलाय. गिरणीतला हाय."

"पट्टा कशाचा असतोय?"

 गिरणीत आम्ही दिवसभर पट्टा म्हणतो, पट्टा चढव, पट्टा उतरव. तो कशाचा आहे हे कुणाच्या मनात येत नाही. वहाणा बाहेर काढून मी कातडं ढकलत आत आलो होतो, पार गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. कडूबा हसायला लागला आणि आक्कानं बघितल्यावर थांबला. लाजून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मृदंगालाबी कातडंच असतंय की, आक्का."

"व्हय. पन त्येला देवानं सूर दिला. तुझ्या पट्ट्याला काय दिलं, वास?" असं म्हणून ती स्वतःच हसली, आणि पदर खोचून गुडघ्यावर बसली. सगळी फरशी तिनं पुन्हा धुतली, गोमूत्र शिंपडून, दारापासून गाभाऱ्यापर्यंत. मी शेजारी बसून कुंचा मागत होतो, ती देत नव्हती. "तू लोखंड बघ. ह्ये माझं हाय." हे तिनं सहज म्हटलं. मी ते ऐकलं, पण गिरणीतल्या भोंग्यासारखं ऐकलं, म्हणजे वेळ झाली एवढंच कळलं. गयासभाईनं मग टांग्याच्या चाकाचं रबर सोलून पट्टी करून दिली. "ये पाक है. इसपे अब तक सिर्फ घोडे का एहसान है."

तरी एक उणं राहिलं होतं आणि ते मला झोपू देईना. गोल कुंचा चौकोनी कोपऱ्यात शिरत नाही. भिंतींचे कोपरे, आणि त्याहून वाईट म्हणजे खांबांच्या चौकोनी बैठका, तिथं बोटभर मळाची कड राहायचीच. आक्का गुडघे टेकून ती काढायची, म्हणजे पुन्हा तेच. मी कोपऱ्यासाठी वेगळा हात केला. यंत्राच्या बाजूला बिजागरी, तिला स्प्रिंग, पुढं तिकोनी कुंचा; शिवणयंत्राच्या सुईसारखा तो मागंपुढं हलायचा आणि भिंतीला चाटत थेट कोपऱ्यात घुसायचा. इतकी सुबक गोष्ट मी त्याआधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही. गयासभाईनं त्या हाताला तेल लावून तो पुसला आणि नुसतं "माशाल्ला" म्हणाला.

पुढच्या एकादशीला कडूबानं यंत्र ढकललं. सगळा मंडप, सगळे कोपरे, सगळे खांब. आक्का धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, कोरड्या हातांनी, सगळ्यांबरोबर आली आणि आपल्या खांबाशी बसली. मी तिच्याकडं बघत होतो. तिचे गुडघे त्या दिवशी कुरकुरले नव्हते आणि माझ्या छातीत गुळाचा खडा विरघळत होता. पैठणकडचे बुवा आले. गादीपाशी वाकले, फरशीला बोटं लावली, तिच्या चकाकीकडं बघून भुवया उंचावल्या. "आज भूमी कुणी धुतली?"

मंडप क्षणभर अडखळला. देवळाचे वहिवाटदार तात्यासाहेब पुढंच बसले होते. भला माणूस, माझं कौतुक करायला कधीचा उतावीळ. ते छाती काढून म्हणाले, "यंत्रानं, बुवा! आपल्या रामकिसननं केलेल्या यंत्रानं!" हशा झाला, टाळ्या झाल्या, बुवाही हसले, मला पुढं बोलावून त्यांनी गळ्यातली माळ माझ्या गळ्यात घातली. माळेच्या झेंडूमधून मी खांबाकडं बघितलं. आक्काचा तळवा फरशीकडं निघाला होता, सवयीनं, आणि मधेच, वीतभर वर थांबला होता. खाली टेकवायचा की मागं घ्यायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग तिनं तो हळूच मांडीवर ठेवला, दुसऱ्या तळव्याखाली झाकून, एखादं मूल निजवावं तसा. मृदंग सुरू झाला. माझ्या गालाला त्या दिवशी गार लागलं नाही.

घरी तिनं भाकरी वाढली. ठेच्यावर तेल घातलं, नेहमीपेक्षा जास्त.

"चांगलं झालं रं यंत्र."

"व्हय."

"पानी लई कमी लागतंय."

"व्हय."

"कोपरेबी निघाले समदे. म्या बोट फिरवून बघितलं."

मी घास तोंडात फिरवत राहिलो. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगेपर्यंत तिच्याकडं बघत राहिली, आणि तक्रारीचा एक कणही नसलेल्या आवाजात, बाजारात काय भाव आहे असं विचारावं तसं विचारलं, "मग एकादशीला सकाळच्या पारी म्या काय करू, किसना?"

 दातेरी चक्रांचं गणित मला येतं, एकाची ओढ दुसऱ्यानं खायची तेही साधलं होतं. पण फरशी घासणारं माणूसच काढून घेतलं, तर त्याच्या अंगातली ओढ कुठं जाणार? ती घरभर फिरत राहणार, गोल गोल, भिंतीला थडकत.

रविवारी मी यंत्र शहागंजला नेलं आणि पान्यानं कोपऱ्याचा हात सोडवायला बसलो. गयासभाई धावत आला. "अरे अरे, क्या टूट गया?"

"काही नाय. काढतोय."

"बना-बनाया काम बिगाडते? किसनभाई, तुमना को बुखार आया क्या?"

"कोपरे आक्काचे हायेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं. मग माझ्या हातातला पाना घेऊन शेवटचा बोल्ट त्यानं स्वतः सोडवला. "लेकिन घुटने?" म्हणाला. गुडघे होतेच. म्हणून आम्ही एक पाट केला, जमिनीपासून चार बोटं उंच, खाली लहान चाकं, वर घोंगडीची घडी. मांडी न घालता, पाय पसरून बसायचं आणि हातानं रेटत कोपऱ्याकोपऱ्यानं जायचं. यंत्राच्या उरलेल्या लोखंडात तो पाट झाला.

तात्यासाहेबांना सांगणं अवघड जाईल असं वाटलं होतं. "हे काय रामकिसन, त्या दिवशी तर कोपरे लख्ख निघाले होते!"

"निघाले होते, तात्यासाहेब. आता यंत्रानं नाही निघायचे."

"बिघडलं?"

"नाही."

त्यांनी वाकून हाताच्या जागची रिकामी भोकं बघितली. मग मंडपात नजर टाकली, आक्का पाटावर बसून दक्षिणेच्या खांबाशी पोचली होती, हातात कुंचा, आणि कडूबा यंत्र टेकवून तिला चिडवत होता, "सरूबाई, टांगा लई जोरात हाय तुमचा. शहागंजला सोडता का?" आणि ती म्हणत होती, "तुला खामनदीत सोडते, चल बस."  तात्यासाहेबांनी उपरण्यानं नाक पुसलं. "भोकं तेवढी बुजव," म्हणाले. "उघडी वाईट दिसतात."

दुपारी बुवा गादीपाशी वाकले. "आज भूमी कुणी धुतली?"  मंडप तात्यासाहेबांकडं बघत होता. ते सावकाश म्हणाले, "मधली यंत्रानं, बुवा. कोपरे सरूबाईनं." बुवांची बोटं फरशीपर्यंत पोचली होती. ती त्यांनी उचलली. गादीपासून ते चालत निघाले, टाळकऱ्यांमधून, बसलेल्या माणसांमधून वाट काढत, दक्षिणेच्या खांबापर्यंत. तिथं, आक्काच्या पायांपासून हातभर अंतरावर, बैठकीच्या कोपऱ्यात अजून ओल होती. तिथं बोटं लावून त्यांनी कपाळाला लावली. "देव कोपऱ्यातच उभा असतो, माय," एवढंच म्हणाले, आणि परतले. मग मंडप ओरडला, आधी बायका, मग सगळेच, "सरूबाईनं!" तिचा तळवा खाली गेला. टेकला.

आरतीला सगळे उठले. ती उठली नाही, गुडघे काही बरे झाले नव्हते. मी तिच्याजवळ गेलो आणि खाली बसलो, आणि आम्ही दोघांनी बसूनच टाळ्या वाजवल्या, माणसांच्या पायांच्या रानात. "मोठ्या मानसानं उभं ऱ्हावं," ती पुटपुटली. "ऱ्हायलो की इतकी वर्सं," मी म्हटलं. तिनं ठेक्यावर माझ्या पाठीवर तळवा मारला.

आक्का आता नाही. यंत्रही मोडीत गेलं; पाट गयासभाईच्या नातवंडांनी अंगणात फिरवून फिरवून संपवला. कोपऱ्याचा हात तेवढा माझ्या भिंतीला टांगलेला आहे, तेल लावून ठेवतो, त्याला काही काम नाही. देवळात आता बुवा नवे आहेत, आणि रीत कधी पाळली जाते, कधी नाही. माझं मागणं एवढंच. कुठल्याही गावी, कुठल्याही मंडपात बसाल, तेव्हा खांबाच्या बुडाशी, जिथं गोल काही पोचत नाही, तिथं बोट फिरवून बघा. स्वच्छ लागलं तर मनात विचारा, भूमी कुणी धुतली. आणि उत्तर द्यायला कुणी नसलं, तर माझ्या वतीनं तुम्हीच द्या, मोठ्यानं द्या: सरूबाईनं.